शेपटीची जागा

पैसे टाकून मिळत नाही अशी गोष्ट जगात उरलीच आहे कुठं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा 'भारद्वाज'चं तिकीट काढून बघावं. विमानात बरी जागा मिळवायच्या पूर्वी शंभर युक्त्या होत्या. नवं लग्न झालंय म्हणून सांगा, कडक इस्त्रीचा कोट घालून जा, काउंटरवरच्या मुलीशी गोड बोला, पॉइंट साठवा, गुडघा दुखतो म्हणून कण्हा; कुठं ना कुठं जमून जायचं. भारद्वाजमध्ये हे सगळं बाद झालं. त्या विमानात एकच जागा अशी होती, जिच्यासाठी लोक जीव टाकायचे, आणि ती मागून कुणाच्या बापालाही मिळायची नाही. ती नाकाकडं नव्हती, पंखाशी नव्हती. ती होती शेपटीच्या अगदी टोकाला.

आणि उज्ज्वलाबाई दातीरांनी ती जागा आपल्या नवऱ्याला मिळवून द्यायचीच, असा चंग बांधला होता.

"अहो, चढा काट्यावर."

"आत्ता सकाळीच तर चढलो होतो."

"सकाळी उपाशी होतात. आता जेवल्यावरचं बघायचंय."

दिगंबरराव निमूट काट्यावर चढले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि काट्यावर चढायचं की नाही असल्या मुद्द्यावर बायकोशी भांडण्यात अर्थ नसतो, एवढं त्यांना कळत होतं. बाईंनी वाकून आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. महिनाभर साजूक तुपातला शिरा चारला, रात्री दूध-केळं, सकाळी बदाम, आणि हा माणूस किलोभरसुद्धा वाढायला तयार नाही! शेजारच्या कांचनवहिनींचा भाचा त्या शेपटीत बसून आला होता. तो अंगानं दणकट होता, म्हणून शेपटीला जरा भरलेला माणूस लागतो, असा निष्कर्ष सगळ्या सोसायटीनं काढला होता.

"तसं काही नसतं गं," दिगंबरराव म्हणाले. "दर वेळी वेगळं वजन लागतं. त्या दिवशी विमानात कोण कोण बसलंय त्यावर ठरतं."

"मग ठरवतं कोण?"

"यंत्र."

"यंत्राला काय कळतंय!" असं म्हणून बाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दिगंबररावांनी त्यांना हे सगळं पूर्वी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. दोघांचंही बालपण नगर जिल्ह्यातलं, म्हणून बैलगाडीनं सुरुवात केली होती. गाडीत पोती पुढं जास्त झाली की जू बैलांच्या मानेवर रुततं, आणि मागं जास्त झाली की गाडी उलाळते. विमानाचंही तसंच. सावकाश उडतं तोवर पंखांची उचल जरा पुढच्या अंगाला असते. आवाजाच्या वेगापलीकडं गेलं की ती उचल मागं सरकते. वजन मात्र जागच्या जागी राहिलं तर विमान नाक खाली घालतं. म्हणून वजनही मागं न्यावं लागतं. जुनी वेगवान विमानं त्यासाठी इंधन एका टाकीतून दुसरीत ओतायची. भारद्वाज चालतं द्रवरूप हायड्रोजनवर. तो इतका भयानक थंड असतो, की वाफ होऊ न देता त्याला इकडून तिकडं खेळवत बसणं परवडत नाही. त्याच्या टाक्या हलत नाहीत. मग हलवायचं काय? तर माणसं.

म्हणून भारद्वाजमधल्या खुर्च्या रुळांवर बसवल्या होत्या. वेग वाढला की सगळ्या खुर्च्या माणसांसकट हलकेच मागं सरकायच्या, वेग उतरला की पुढं यायच्या. आणि शेवटचा बारीकसा समतोल साधायला एक खुर्ची पार शेपटीच्या टोकात जायची. तागडीचा दांडा लांब असला की टोकाला ठेवलेलं थोडंसं वजनही भारी पडतं, तसं ते होतं. कुणाचं वजन तिथं नेमकं बसेल, हे विमान उडाल्यावर, सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन, यंत्र ठरवायचं.

यात वेड लागण्यासारखं काय होतं? तर त्या विमानाला खिडक्या नव्हत्या. आवाजाच्या पाचपट वेगानं जाताना त्याचं अंग इतकं तापायचं, की कुठलीही काच टिकायची नाही. फक्त शेपटीच्या पाठीमागं, जिथं हवेचा मारा पोचत नाही, तिथं काच बसवता आली होती. खरं म्हणजे ती तपासणीसाठी ठेवली होती. पण तिथं बसून आलेली पहिली बाई खाली उतरली ती थेट जमिनीला हात लावून रडायला लागली, आणि मग काय, जगभर बोभाटा झाला. लोक बुटात शिसं भरून यायला लागले. कुणी आठवडाभर उपास करायचं, कुणी तांब्याभर पाणी पिऊन चढायचं. यंत्र कुणालाच धूप घालत नव्हतं.

दिगंबररावांनी मात्र कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, की मला तिथं बसायचंय. ते तसे बोलणारे नव्हतेच. उभी नोकरी त्यांनी वेधशाळेत काढली, आणि त्यांचं काम एकच: फुगा सोडायचा. भलामोठा पांढरा फुगा हायड्रोजननं भरायचा, खाली वजनाला हलकं असं मोजयंत्र बांधायचं आणि सोडून द्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. फुगा वर वर जायचा, हवा विरळ होईल तसा फुगत जायचा, तीस-एक किलोमीटरवर घराएवढा व्हायचा आणि फुटायचा. तोवर यंत्र खाली आकडे पाठवायचं. दिगंबरराव फुगा दिसेनासा होईस्तोवर मान वर करून उभे असायचे, आणि घरी आल्यावर त्यांची मान दुखायची.

"तिथलं तापमान मला माहीत आहे," एकदा ते म्हणाले होते. "दाब माहीत आहे, वारा कुठून कुठं जातो ते माहीत आहे. पण तिथं असतं कसं, ते काही मला माहीत नाही बघ."

"मोबाइलवर लाखभर चित्रं आहेत त्याची," बाई म्हणाल्या होत्या.

"आहेत. मी बघितली. पण तिथं आपलं माणूस कुणी गेलेलं नाही."

हे बाईंच्या काळजात जाऊन बसलं होतं. त्यातून काचबिंदूनं दिगंबररावांचा डावा डोळा नेला. उजव्याचं डॉक्टर म्हणाले, वर्ष मिळेल, कदाचित थोडं जास्त. त्याच आठवड्यात टोरांटोहून लेकीचा, मृण्मयीचा फोन आला, की आई, डॉक्टरांनी बाळंतपणाची डिसेंबर अखेरची तारीख दिलीय, तू यायचंस. विमान कुठलं, तर त्या फुग्यांच्याच उंचीवरून जाणारं भारद्वाज. बाईंना वाटलं, ही देवाचीच योजना आहे. हा माणूस आंधळा व्हायच्या आत त्याला तिथलं आभाळ दाखवायचं, मग भले आकाशपाताळ एक करावं लागो.

दुसरी योजना मात्र त्यांची स्वतःची होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत, अळिवाचे हवेत. सामानाला तर काटेकोर मर्यादा. पण माणूस कितीही जाड असला तरी त्याच्या अंगच्या वजनाला कुणी काही म्हणत नाही, हे मराठी आयांनी केव्हाच हेरलं होतं. उज्ज्वलाबाईंनी जुन्या सुती लुगड्याचा रुंद पट्टा शिवला, त्याला कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात लाडू भरून टाके घातले, आणि निघायच्या दिवशी तो साडीच्या आत कंबरेला आवळून बांधला.

"कशी दिसते?" त्यांनी विचारलं.

"छान," दिगंबरराव म्हणाले.

"छान काय! पिंपासारखी दिसतेय मी."

विमानतळावर दारातच एक फरशी होती. तिच्यावरून चालत गेलं की वजन झालं, कुणी थांबवत नाही, कुणी विचारत नाही. बाई छाती काढून तिच्यावरून गेल्या. "अहो, पुढं जरा उंचवटा आहे हं. आता डावीकडं. बाई बाई, काय ते दिवे लावलेत, लग्नाचा हॉल आहे का विमानतळ! अहो, ते बघा, तो माणूस बघा कसा चालतोय, नक्की बुटात काहीतरी भरलंय मेल्यानं." बाईंचं तोंड असं अखंड चालू आणि दिगंबरराव त्यांचं कोपर धरून मागोमाग. सगळं आयुष्य हे जोडपं असंच चालत आलं होतं.

बुटात काहीतरी भरलेला तो माणूस नेमका त्यांच्या शेजारच्या रांगेत आला. मुळीक म्हणून कुणी गृहस्थ होते, सातव्यांदा नशीब आजमावत होते. विमान उडालं, समुद्रावर आलं आणि सावकाश घिरट्या घालू लागलं. सगळ्यांच्या गप्पा आपोआप बंद पडल्या. आता यंत्राचा हिशोब चालला होता. ज्याच्या खुर्चीच्या हाताला हिरवा दिवा लागेल तो शेपटीत जाणार. उज्ज्वलाबाई डोळे मिटून कुलदैवताला नवस बोलत होत्या. डोळे उघडून त्यांनी आधी नवऱ्याच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं काही नव्हतं.

"काकू," मुळीक घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचा लागला."

बाईंनी खाली बघितलं. त्यांच्या मनगटाखाली हिरवा दिवा लागला होता.

"अगोबाई! हे काय? हे नको. अहो, हे चुकलंय!" त्या ओरडल्या तशी हवाईसुंदरी धावत आली. अन्वी तिचं नाव, सांगलीची पोरगी. "काकू, अभिनंदन! बसून राहा हं, आता खुर्ची सरकेल."

"सरकेल कशी? मी कशाला जाऊ? यांना न्या. यांनी आयुष्यभर त्या आभाळाची चाकरी केलीय, मला काय कळतंय त्यातलं? माझं आभाळाशी नातं म्हणजे पापड वाळवण्यापुरतं!"

"काकू, तसं बदलता येत नाही. तिथं तुमच्याएवढंच वजन लागतं. काकांचं कमी भरतंय."

"किती कमी?"

अन्वीनं हातातल्या पाटीवर बघून आकडा सांगितला. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "माझ्याच लाडवांनी माझा घात केला!"

महिनाभर शिरा खाऊन वाढला नाही तो माणूस आणि काट्यावर न चढता वाढल्या त्या बाई. लाडू सोडले तर दोघांचं वजन जवळजवळ सारखंच होतं. एका चुलीवरचं खाऊन होतं कधीकधी तसं. म्हणजे यंत्रानं निवड केली होती ती बाईंची नव्हेच, बाई अधिक लाडू यांची.

"पोरी, ऐक," बाई अन्वीचा हात धरून म्हणाल्या, "हा पट्टा मी यांच्या कंबरेला बांधते. मग यांचं वजन माझ्याएवढं होतं की नाही? मग तुझ्या यंत्राचं काय जातंय?"

अन्वी हसू दाबत पुढं गेली, वैमानिकांशी बोलून आली आणि म्हणाली, "चालेल म्हणालेत. खुर्च्यांची अदलाबदल करा. पण लवकर काकू, वेग वाढवायची वेळ झालीय."

उज्ज्वलाबाई प्रसाधनगृहात जाऊन पट्टा सोडून आल्या आणि नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "उठा. हात वर करा. असा कंबरेला बांधते."

"उज्ज्वला, थांब."

"आता काय थांबायचं? हात वर करा म्हणते ना!"

"मला दिसत नाही गं."

"नाही दिसला तर नाही दिसला. पट्टा मी बांधतेय ना?"

"पट्ट्याचं नाही म्हणत. मला काहीच दिसत नाही. दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले होते ते वर्ष काही मिळालं नाही. उजेड आहे की अंधार आहे एवढं कळतं. तू समोर आहेस ते आवाजावरनं कळतं."

बाईंच्या हातात पट्टा तसाच लोंबकळत राहिला. दिवाळीपासून? दिवाळीत यांनी अंगणात आकाशकंदील लावला. रोज फिरायला गेले. मंडईत गेले. आत्ता या विमानात चढले. "काहीतरीच काय! मग तुम्ही चालत कसे होतात?"

"तू बोलत होतीस ना." दिगंबरराव ओशाळं हसले. "अहो, खड्डा आहे. अहो, मांजर आडवं गेलं. अहो, आज सूर्य काय लाल आहे. तू दिवसभर सगळं सांगतच असतेस. मला निराळं बघायची गरजच पडली नाही."

"दिवाळीपासून मला फसवलंत!"

"हो. तुझा तो शिरा, ते काट्यावर चढवणं, सगळं चाललं होतं. कोणत्या तोंडानं सांगणार? म्हटलं, माझा नंबर काही लागत नाही, प्रश्नच मिटेल."

बाईंना भयंकर राग आला. मग तो राग कुठल्या कुठं गेला आणि त्यांना रडू फुटलं. भर विमानात, मुळीक आणि अन्वी बघत असताना, त्या पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या. दिगंबररावांनी चाचपडत त्यांचा हात शोधला.

"पोरीला इतक्यात सांगू नकोस. तिचं बाळंतपण पार पडू दे. आणि हे बघ, मी तीस वर्षं फुगे सोडले. आकडे आले सगळ्यांचे. पण तिथं कसं असतं ते सांगायला एकही परत आला नाही. तू येशील. आणि तू काही गप्प बसणारी नाहीस."

"मला नाही जमायचं हो. मला भीती वाटते."

"बांध तो पट्टा परत. जा."

उज्ज्वलाबाई पट्टा बांधून आपल्या खुर्चीत बसल्या. अन्वीनं त्यांच्या कानाला बोलायचं यंत्र लावलं, दुसरं दिगंबररावांच्या कानाला. खुर्ची हलली. दोन्ही बाजूंची माणसं पुढं पुढं जाऊ लागली, मुळीक केविलवाणं हसले, आणि मग एक अरुंद बोगदा आला. तिथं खुर्ची वळून शेपटीकडं तोंड करून थांबली. मागं दार बंद झालं. काळोख. पाठीत जोराचा धक्का बसला आणि पट्ट्यांनी त्यांना खुर्चीत घट्ट धरून ठेवलं. बाईंनी रामरक्षा सुरू केली आणि दोन ओळींत विसरल्या. केव्हातरी तो जोर ओसरला, सगळं शांत झालं, आणि समोरची झापड उघडली.

"उज्ज्वला? पोचलीस का?"

उत्तर नाही.

"उज्ज्वला, बोल की. काय दिसतंय?"

बाईंचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द बाहेर येत नव्हता. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्याकडं बोलायला काही नव्हतं. समोर पृथ्वी होती. नकाशातली नव्हे, पडद्यावरची नव्हे. खरी, अंगावर येईल एवढी मोठी, आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच खाली वळलेल्या. तिच्या वर काहीच नव्हतं. संध्याकाळची वेळ, सूर्य उजवीकडं लखलखत होता, आणि तरी आभाळ काळं होतं.

"अहो," शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. "अहो, दिवस आहे आणि आभाळ काळं आहे."

"कसं काळं?"

"तव्यासारखं नाही. रात्रीसारखंही नाही. कसं सांगू हो? रात्रीच्या काळ्याला काहीतरी तळ असल्यासारखा वाटतो. याला तळच नाही. बघवत नाही आणि नजरही हटत नाही."

"आणि खाली?"

"खाली समुद्र आहे, उन्हानं नुसता चकाकतोय. कोकणचा किनारा दिसतोय, सगळा, खाड्या आत शिरलेल्या. आपला सह्याद्री म्हणजे नुसती एक चुणी पडल्यासारखी दिसतेय. एवढासा घाट, आणि त्या एसटीत मला किती उलट्या व्हायच्या!"

कानात दिगंबररावांचं हसू ऐकू आलं. बाईंना धीर आला.

"आणि पृथ्वीच्या कडेला एक निळी रेघ आहे. पातळशी. वर फिकट, खाली गडद. ते काय आहे?"

"ती हवा," दिगंबरराव म्हणाले. "आपली सगळी हवा. ढग, पाऊस, वादळं, पाखरं, आपले श्वास, सगळं त्या रेघेत."

"एवढीच?"

"एवढीच."

"अहो, ही तर भाकरीच्या पापुद्र्याएवढी आहे!" बाई कळवळून म्हणाल्या. "नख लागलं तर फाटेल. आणि एवढ्यात आपण सगळे?" त्यांना एकदम सोसायटीतली भांडणं आठवली, पाण्यावरून, गाडी लावण्यावरून, आणि कांचनवहिनींशी दोन महिने धरलेला अबोला. त्यांना कसंतरीच झालं. जणू काही झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सरकलंय आणि आपण ते ओढायला हवं, असं वाटलं. त्या खरोखरच पुढं वाकल्या.

"उज्ज्वला," दिगंबरराव हळूच म्हणाले, "माझे फुगे फुटतात ते इथंच. आत्ता तू आहेस तिथंच."

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. कुठं काहीच नव्हतं. वारा नाही, आवाज नाही, धूळसुद्धा नाही. "फुटताना त्यांना हे दिसत असेल ना हो? मग बरंच आहे की. मला वाईट वाटायचं त्यांचं."

बाई बोलत राहिल्या. विमान उत्तरेला वळलं, जमीन खालून सरसर निघून जाऊ लागली. पिवळं वाळवंट गेलं. नद्या गेल्या, वाळलेल्या वेलींसारख्या. बाई दिसेल ते सांगत होत्या, दिगंबरराव मध्येच विचारत होते, कुठल्या रंगाचं, केवढं, सावली कुठल्या बाजूला, आणि बाई पुन्हा नीट बघून सांगत होत्या. असं त्यांनी कधी कशाकडंही बघितलं नव्हतं. आजवर आपण बोलायला म्हणून बोललो, आज बघायला म्हणून बोलतोय, हे त्यांनाच जाणवलं.

मग खालून बर्फाचे डोंगर निघाले. एक रांग, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी, कुठं संपतच नव्हती. मावळतीच्या उन्हानं शेंडे गुलाबी झाले होते. आणि डावीकडून, पूर्वेकडून, काहीतरी त्यांच्यावर चढत येत होतं.

"अहो! अहो, रात्र येतेय!"

"अंधार पडतोय का?"

"पडत नाहीये हो, येतेय! चालत येतेय. तिची कड दिसतेय मला. अलीकडचे डोंगर गुलाबी, पलीकडचे निळे, त्याच्या पलीकडचे विझलेले. आता एक शेंडा विझला. आता दुसरा. आणि मी इथं उन्हात बसलेय!"

"ती पृथ्वीची सावली गं," दिगंबरराव म्हणाले. ते आता लहान मुलासारखे भरभर बोलत होते. "रात्र म्हणजे दुसरं काही नसतं. पृथ्वीची स्वतःचीच सावली. रोज आपण तिच्यात झोपतो. खालून कड दिसत नाही एवढंच."

"म्हणजे अंधार असा वेगळा काही नसतोच?"

"नसतो. सूर्य असतोच पलीकडं."

हे ते सहज बोलून गेले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते आवाजात येऊ दिलं नाही. शेवटचा शेंडा विझला. विमान त्या सावलीत शिरलं, आणि बघता बघता त्या तळ नसलेल्या काळ्या आभाळात तारे उगवले. लुकलुकत नव्हते, नुसते स्थिर होते, असंख्य, आणि त्यांना रंग होते. उज्ज्वलाबाईंनी हात जोडले.

"आता काय दिसतंय?"

"तारे. पण आता जरा वेळ मी नाही बोलत. चालेल?"

"चालेल," दिगंबरराव म्हणाले. मग बराच वेळ दोघं कानाला यंत्र लावून, विमानाच्या दोन टोकांना, एकमेकांचा श्वास ऐकत बसले.

टोरांटोला सकाळ होती, लख्ख ऊन आणि रस्त्याकडेला बर्फाचे ढीग. दारात मृण्मयी उभी होती, एवढं पोट घेऊन, एका हातानं कंबर धरून. ती "आई! बाबा!" करत धावायला निघाली तशी उज्ज्वलाबाई दुरूनच ओरडल्या, "पळू नकोस गं, बाई! तिथंच उभी राहा!" लेकीच्या आवाजाच्या रोखानं दिगंबरराव पुढं झाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा! कांचनकाकूंनी सांगितलंय मला सगळं. शिरा, काटा, सगळं. मिळाली का मग तुम्हाला शेपटीची जागा?"

उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"मिळाली तर!" बाईच म्हणाल्या. "न मिळून सांगतेय कुणाला? महिनाभर राबलेय मी."

"खरंच? बाबा, सांगा ना, कसं होतं? आभाळ खरंच काळं दिसतं?"

"काळं," दिगंबरराव म्हणाले. आधी चाचरत, मग सावकाश, मग न थांबता ते बोलू लागले. काळ्याला तळ नसतो, ते म्हणाले. हवा म्हणजे भाकरीचा पापुद्रा. रात्र चालत येते, तिची कड दिसते. आयुष्यभर चार शब्दांवर पाचवा न बोललेला तो माणूस हातवारे करकरून सांगत होता, आणि पोरगी डोळे विस्फारून ऐकत होती. तिला वडील एवढे बोलताना कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

"आणि आई, तू?" तिनं मध्येच वळून विचारलं. "बाबा शेपटीत होते तोवर तू काय केलंस? तुला नाही वाईट वाटलं?"

"मला कसलं वाईट वाटायचंय?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी बसले होते आपली माझ्या जागेवर." मग त्या नवऱ्याजवळ सरकल्या. "अहो, थांबलात का? ते डोंगरांचं राहिलं की. डोंगरांचं सांगा तिला. मलाही ऐकायचंय."